कानातला कापूस

देऊळगाव राजा,
३ नोव्हेंबर १९३६

चि. चिंतामण,

तुझ्या भाऊजींचे आशीर्वाद घे. ते जरा मोठ्या आवाजात लिहिले आहेत असं समज, कारण पुढे येईलच.

बालाजीचा उत्सव पार पडला. यंदा मी एकही दिवस चुकवला नाही. माझी जागा तुला ठाऊक आहे, पुंजाजीच्या ताशाच्या उजव्या अंगाला, दीड हातावर. एकवीस वर्षं ती माझीच आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कोणी हक्क सांगितलेला नाही. लोक देवासाठी येतात. मीही देवासाठीच येतो, फक्त ताशावरून येतो. विस्तवावर चामडं शेकून पुंजाजीनं ताशावर काडी टाकली की माझ्या बरगड्या आपापल्या जागी बसतात. वर्षभर पोरांचे पाढे ऐकणाऱ्या माणसाला एवढी चैन हवी.

पुंजाजी आता साठीला आला, पण कलेत इतका बुडालेला असतो की हाक मारली तरी मान वळवत नाही. समोर जाऊन उभं राहावं लागतं. अशी एकाग्रता आमच्या शाळेत एकाही पोरात नाही. तसं पोरांचंही यंदा बरं चाललंय. माझा वर्ग एकोणतीसचा पाढा घडाघड म्हणतो. मला एक चूक सापडत नाही.

आता कामाचं. उत्सव संपून चार दिवस झाले आणि माझ्या डाव्या कानात एक रातकिडा बसला आहे. भर दुपारीसुद्धा बसतो. न्हाव्याला कानात बघायला लावलं, त्याला दिसला नाही. तू दवाखान्यात कंपाउंडर आहेस, तेव्हा एखाद्या बाटलीत थेंब पाठव. कडू असले तरी चालतील, कानाला चव नसते. तुझ्या अक्काला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

शैलजाला लोणारचं स्थळ आलंय. नारायणराव म्हणून तिथे अर्जनवीस आहेत, त्यांचा मधला मुलगा. घर चांगलं आहे. पण पोरीला विचारल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. सतरा वर्षांची आहे, तिचं तिला कळतं. तिच्या तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय लोणारला कागद जाणार नाही, असं तुझ्या अक्काला वचन दिलंय आणि तुलाही देतो.

नीळकंठ


जळगाव जामोद,
१० नोव्हेंबर १९३६

ती. भाऊजी,

तुमच्या दोन्ही कानांना माझा नमस्कार, डाव्याला जरा जास्त.

थेंब पाठवत नाही, कारण अशा रातकिड्यावर थेंब नाहीत. डॉक्टरसाहेबांना तुमचं नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, तो किडा नाही, तो कान ओरडतोय. जास्त आवाज सोसला की असा ओरडतो. काही दिवस शांत राहिलात तर बहुधा थांबेल. पण दर वेळी कानातलं थोडं काहीतरी जातं, आणि गेलेलं परत येत नाही. 'सवय झाली' असं आपण म्हणतो ना, ती सवय नसते, तेवढं ऐकू येणं कमी झालेलं असतं.

इथल्या एका सरकी काढायच्या जिनात किसनराव म्हणून वीस वर्षं यंत्रापाशी उभे राहिले आहेत. दवाखान्यात आले की मी 'बसा' म्हणतो आणि ते जीभ दाखवतात.

ताशा सोडा असं मी म्हणत नाही. तुम्ही मला सोडाल, ताशा सोडणार नाही. पण दीड हात सोडा. तीस पावलं लांब उभे राहा. मधून मधून दूर जाऊन कानांना विसावा द्या. शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागलं, की आवाज फार झाला असं समजायचं. कानात तेल, काडी, न्हाव्याचं कोरणं, काही घालू नका. अगदी जवळ उभं राहायचंच असेल तर कानात बोळे घाला. नुसत्या कापसानं फारसं भागत नाही. मेण पातळ करून त्यात कापूस भिजवायचा, मऊ असतानाच गोळी वळायची आणि गार झाल्यावर कानाच्या तोंडाशी बसवायची. आत कोंबायची नाही. बरोबर थोडा स्वच्छ कापूस आणि मेणाची वडी पाठवतोय.

आणि राग मानू नका, पण पुंजाजी कलेत बुडालेला नाही, तो बहिरा आहे. दुसरं असं, की एकोणतीसचा पाढा सगळा वर्ग न चुकता म्हणतो असं मी या वऱ्हाडात कुठे ऐकलेलं नाही. शेजारच्या वर्गाच्या मास्तरांना एकदा ऐकायला बसवा.

तुमचा,
चिंतामण


देऊळगाव राजा,
२२ डिसेंबर १९३६

चि. चिंतामण,

तुझ्या कापसाला माझा दुरूनच रामराम.

परवा उत्तमरावांच्या मुलाची वरात होती. उत्तमराव म्हणजे वेशीबाहेरचे मोठे शेतकरी, ताशाला हात आखडणारे नव्हेत. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे दोन बोळे करून कानात बसवले. कानाला धरून राहावेत म्हणून वर थोडा पांढरा कापूस ठेवला आणि नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिलो.

तू दवाखान्यात राहतोस, तुझ्या लक्षात आलं नसेल. माझ्याही आलं नाही. नवरदेवाच्या आजी मंजुळाबाई गाडीतून उतरल्या, माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी गळाच काढला.

"अवो माय! मास्तरच्या कानात कापूस! कोन गेलं वो?"

कानात कापूस कोणाच्या घालतात, ते मला तेव्हा आठवलं. आणि सगळ्या वरातीला माझ्याही आधी आठवलं. नवरदेवाच्या आई पुष्पाबाई ओवाळणीचं ताट तसंच धरून माझ्यासमोर आल्या.

"मास्तर, माह्या पोराच्या वरातीत मढं होऊन काऊन उभे राह्यले जी? काढा तो कापूस!"

मी म्हणालो, "बाई, हा औषधाचा आहे."

"मंग तं आनखीनच काढा!"

उत्तमराव मला बाजूला घेऊन समजुतीनं म्हणाले, "मास्तर, बाजा सहन होत नसंन तं घरी बसा. कोनी जबरदस्ती केली काय तुमाले?" एकवीस वर्षांनंतर मला हे ऐकावं लागलं. वरात थांबली, ढोल थांबले, सनईवाल्यानं सनई खाली घेतली. पुंजाजी तेवढा वाजवत राहिला. बाकीचे थांबल्याचं त्याला ऐकू आलं नसावं. त्याच्याबद्दल तू म्हणतोस ते खरं दिसतं.

मी बोळे काढून खिशात टाकले आणि आपण जिवंत आहोत हे पटवण्यासाठी मारुतीच्या देवळापर्यंत ताशापासून अर्ध्या हातावर चाललो. सूर्य मावळायच्या आत घरी आलो तेव्हा कानात एक नाही, रातकिड्यांचं सगळं बिऱ्हाड होतं. बातमी माझ्या आधी पोचली होती. तुझी अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे, बोलली असल्यास मला कळलं नाही.

एक काम मात्र चांगलं झालं. त्याच संध्याकाळी शैलजा चुलीपाशी बसली होती, तिला विचारलं, "लोणारला होकार कळवू ना?" आपण घरात शुद्ध बोलायचं असा माझा दंडक आहे आणि ती तो पाळते, विचारलं की 'होय अण्णा' म्हणते. त्या दिवशी मान खाली घालून म्हणाली, "हाव, अण्णा." दंडक मोडून 'हाव' आलं, म्हणजे ते पोटातून आलं. डोळ्यांत पाणी होतं, पण चुलीत लाकूडही ओलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच जाऊन पेढे घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी लोणारला कागद गेला. फाल्गुनातली तिथी धरली आहे.

नीळकंठ


जळगाव जामोद,
२ जानेवारी १९३७

ती. भाऊजी,

वरातीतून सुखरूप परत आलात, त्याबद्दल आधी नमस्कार.

चूक माझी. इथे रोज शंभर कानांत कापूस जातो, त्यामुळे कापसाचा दुसरा उपयोग माझ्या डोक्यातून गेला. पण उपाय आहे, आणि तोही कापसाचाच. मेणाचा बोळा पांढरा ठेवू नका, चिमूटभर हळद घालून पिवळा करा, म्हणजे कानात उठून दिसणार नाही. आणि कानाच्या वरच्या घडीत अत्तराचा फाया खोचा. आता बघा, कानात कोरडा कापूस दिसला तर माणूस गेला, आणि हिन्याचा फाया दिसला तर माणूस लग्नाला निघाला. लोक फाया बघतील, खालचा बोळा कोणी बघणार नाही. जागा मात्र दीड हातावरून हलवाच.

शैलजा 'हाव' म्हणाली हे वाचून मला बरं वाटलं आणि थोडं नवलही वाटलं. भाऊबीजेला इथे आली होती तेव्हा आमच्या हिला सांगत होती की अमरावतीला ट्रेनिंगला जायचं, मास्तरीण व्हायचं. ही म्हणते, मुलींचं मन बदलतं. असेल.

तुमचा,
चिंतामण


देऊळगाव राजा,
२० जानेवारी १९३७

चि. चिंतामण,

तुझ्या डोक्याला माझे खास आशीर्वाद.

गुरुवारी गावात संदल होता, दर्ग्यावर चंदन चढवायची मिरवणूक. तिथे झाडून साऱ्यांच्या कानात फाया, त्यामुळे माझ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. एकानं तर 'मास्तर, कोनता हाय?' म्हणून कान हुंगला आणि मान डोलावली. मी पंचवीस पावलांवर उभा होतो. तीस जमली नाहीत, मागे गटार होतं.

आणि चिंतामण, मला सनई ऐकू आली! एकवीस वर्षं त्या सनईवाल्याला मी नुसतेच गाल फुगवताना बघत होतो. तो वाजवतो, आणि बरं वाजवतो. ताशाही गेला नाही. बरगड्यांना पोचायचा तेवढा पोचला. घरी आलो तेव्हा रातकिडे नव्हते, एकटा जुना भाडेकरू होता, तो आताशा हलत नाही.

तेव्हा कानाचा प्रश्न मिटला आहे. पाढ्यांबद्दल तू लिहिलं होतंस, पण शेजारच्या मास्तरांना त्रास कशाला द्यायचा? लग्नाची तयारी चालू आहे. शैलजा फार कमी बोलते. सासरी जायचं म्हणजे एवढं व्हायचंच.

नीळकंठ


देऊळगाव राजा,
९ फेब्रुवारी १९३७

चि. चिंतू,

तुझ्या अक्काचा आशीर्वाद, आणि कान धरायला तू इथे नाहीस म्हणून वाचलास.

हे तुझ्या भाऊजींना न दाखवता लिहिते आहे. तू त्यांना अत्तर शिकवलंस. आता ते शाळेतसुद्धा हिना लावून जातात. गावात म्हणतात, मास्तरांनी या वयात शौक धरला. पाणवठ्यावर बायका मला बघून पदर तोंडाला लावतात. तेही मी सोसलं असतं.

पण त्यांना ऐकू येत नाही, चिंतू. फाया नसतानाही येत नाही. दार वाजलं तर कळत नाही. मी मागून बोलले तर उत्तर नाही, समोरून बोलले तर ओठ बघतात आणि अंदाजानं मान हलवतात. वर्गातली पोरं पाढ्यात वाटेल ते म्हणतात आणि हे 'शाबास' म्हणतात. मला वाटायचं, वय झालं. कधी बोलले नाही. मास्तरकी करणाऱ्या माणसाला 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं बायकोनं कोणत्या तोंडानं सांगायचं?

आता मुख्य. शैलजा महिनाभर नीट जेवत नाही. काल तिला समोर बसवून विचारलं. म्हणाली, "आई, मी अण्णांना नाही म्हणाले होते."

मी म्हटलं, कधी?

"त्यांनी विचारलं तेव्हा. चुलीपाशी. मी म्हटलं, नाही अण्णा. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि पेढे आणले."

मी म्हटलं, बाई गं, मग पुन्हा का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "एकदा सांगितलं ना."

लोणारला शब्द गेलाय. आमंत्रणं लिहायला घेतली आहेत. मला हे त्यांच्याशी बोलायचं धैर्य होत नाही. ते तुझं ऐकतात. निदान तुझं वाचतात तरी. तू लिही.

तुझी अक्का


जळगाव जामोद,
१४ फेब्रुवारी १९३७

ती. भाऊजी,

आज नमस्कार नुसताच. थट्टा करण्यासारखं काही नाही.

शैलजा 'हाव' म्हणाली नव्हती. ती 'नाही' म्हणाली होती. तिनं तसं अक्काला सांगितलंय.

डॉक्टरसाहेबांना मी पुन्हा विचारलं. ते म्हणतात, अशा कानातून आधी बारीक आवाज जातात, शब्दांची टोकं जातात, जाड आवाज मागे राहतो. तुम्ही त्या दिवशी अर्ध्या हातावरून ताशा ऐकून घरी आला होतात. 'नाही अण्णा' आणि 'हाव अण्णा', दोन्हींतला 'आ' तेवढा तुमच्यापर्यंत पोचला. बाकीचं तुम्ही मनानं भरलंत. जे हवं होतं तेच भरलंत, असं मी म्हणत नाही. पण भरलंत तुम्ही.

पाढ्यांचं पहिल्या पत्रात लिहिलं तेव्हाच मी स्पष्ट लिहायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हसण्यावारी नेलं. त्याची मला लाज वाटते.

पोरीला पुन्हा विचारा. अत्तर न लावता, उजेडात, तिच्या तोंडाकडे बघून.

तुमचा,
चिंतामण


देऊळगाव राजा,
२६ फेब्रुवारी १९३७

चि. चिंतामण,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, ते मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा तुझ्या अक्काचा. तिसऱ्यांदा रागवायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मास्तरांना वर्गात मागे बसवलं आणि पोरांना एकोणतीसचा पाढा म्हणायला सांगितला. एकदा म्हणून झाल्यावर मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नीळकंठराव, हा पाढा कोणताच नाही. मधे दोन ओळी तुमच्यावर आहेत."

रविवारी सकाळी शैलजाला मागच्या अंगणात बोलावलं. मी पिंपाजवळ बसलो, तिला दहा पावलांवर उभं केलं आणि म्हटलं, "लोणारला जायचं का? उत्तर दे." तिचे ओठ हलले. मला 'आ' ऐकू आला. चिंतामण, तू लिहिलं होतंस तसाच, नुसता 'आ'. मी म्हटलं, मोठ्यानं. पुन्हा 'आ'. तिचा आवाज लहानपणापासून बारीक आहे. त्या आवाजाचं मीच कौतुक करत आलो, पोर कशी मर्यादेनं बोलते म्हणून. मी म्हटलं, "पोरी, ओरड. शेजारी ऐकतील ते ऐकू देत."

तेव्हा तिनं डोळे मिटले आणि ओरडली, "नाही! नाही! मले लगन नाही कराचं! मले शिकाचं हाय!"

भिंतीपलीकडे कोणाची तरी बादली पडली. तुझी अक्का दारात उभी होती, म्हणाली, "आतातरी आलं का ऐकू?" मी म्हटलं, आलं. शुद्ध बोलायचा दंडक त्या दिवसापासून मागे घेतला.

मंगळवारी लोणारला गेलो. मेहकरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. मोटारीच्या आवाजात शेजारचा माणूस सबंध वाट माझ्याशी बोलत होता आणि मी मान हलवत होतो, तेव्हा त्याचीही एखादी पोर मी पत्करली असल्यास मला माहीत नाही. नारायणराव तापले, त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. म्हणाले, "मास्तर, शब्द फिरवायला निमित्त तरी धडाचं आणायचं. ऐकू आलं नाही म्हणे!" मग मान फिरवून काहीतरी पुटपुटले. मी विचारलं, काय म्हणालात? ते पानाचा डबा उघडू लागले. शेवटी त्यांचा मुलगा, तोच, कोपऱ्यातून मोठ्यानं म्हणाला, "बाबा तुम्हाला लबाड म्हणाले." मी म्हटलं, ते मला ऐकू आलं नव्हतं. नारायणरावांनी आत सांगून चहा मागवला. चहा झाल्यावर त्यांनी माझा कागद मला परत दिला. मुलगा बरा आहे. दुसऱ्या कोणाचा तरी जावई होईल.

एवढं लोणारला बोलल्यावर देऊळगावात झाकण्यासारखं काही राहिलं नाही. हेडमास्तरांना मीच जाऊन सांगितलं. एप्रिलपासून माझ्याकडे वर्ग नाही, हजेरीपट आणि दाखले लिहायचं काम आहे. लिहिलेलं मला अजून नीट ऐकू येतं. अमरावतीच्या ट्रेनिंगचा अर्जही परवा मीच लिहिला, शैलजानं फक्त सही केली.

हे सगळं तुला सांगायचं होतंच, पण पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. लोणारहून आलो त्या दुपारी ओसरीवर टेकलो होतो. शैलजा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो ठेवून गेली नाही, माझ्या उजव्या बाजूला बसली, तो कान बरा आहे हे तिला आता कळलंय. काहीतरी बोलली. मला आलं नाही. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा बोलली, तेही अर्धंच आलं. मग तिनं कानाशी तोंड आणलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अण्णा, मले वाटलं तुम्हाले ऐकू आलं होतं. ऐकूनच तुम्ही पेढे आणाले गेले."

कान गेले याचं मला तोवर वाईट वाटलं नव्हतं. डिसेंबरापासून त्या रविवारपर्यंत, चिंतामण, ती पोर हे मनात धरून रोज सकाळी माझ्यापुढे चहा ठेवत होती, आणि 'निवेल, घ्या' म्हणत होती, असं तुझी अक्का सांगते.

नीळकंठ